किती पळालीये?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका गॅरेजच्या पायरीवर बसलो होतो. शेजारच्या शेडमध्ये लेथ चालू होतं. समोर स्टँडवर माझ्या मावसभावाची आरएक्स-१०० मोटरसायकल उभी होती, १९९५ची. काकांनी ती घेतली तेव्हा ते कागलच्या शाळेत शिकवायचे. रोज जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. काका गेले, गाडी घरात राहिली. पासिंगची मुदत संपत आली म्हणून भावाने ती मिस्त्रींकडे आणली होती. मिस्त्री पासष्टीच्या पुढचे, काकांच्या वेळचेच. ते पुढच्या चाकाशी उकिडवे बसले, हबजवळ हात घातला आणि थांबले.

“मीटरची केबल कुठं हाय?”

“काढून ठेवलीये.”

“तुटली व्हय?”

“नाही, मुद्दाम काढलीये. दोन वर्षं झाली. बंगळुरूचा एक जण दीड लाख द्यायला तयार आहे. किलोमीटर कमी असले की भाव चांगला येतो.”

मिस्त्री काही बोलले नाहीत. चिंधीने हब पुसत राहिले. मीटर ६१,४९६ वर थांबलं होतं.

जुनी गाडी बघायला गेलो की आपण पहिला प्रश्न विचारतो, “किती पळालीये?” हा प्रश्न व्यवहारी आहे. जास्त पळालेली गाडी झिजलेली असणार, इंजिन उघडावं लागणार, एवढंच त्यामागे असतं. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगभर एका प्रकारच्या गाड्यांसाठी या प्रश्नाचा अर्थच बदलला. त्या गाड्या म्हणजे साधारण १९८० ते २००५ या काळातल्या स्पोर्ट्स कार. बाजारात त्यांना ‘मॉडर्न क्लासिक’ म्हणतात. आजोबांच्या काळातल्या व्हिंटेज गाड्यांइतक्या त्या जुन्या नाहीत आणि शोरूममधल्या गाड्यांसारख्या संगणकावर चालणाऱ्याही नाहीत. त्यांच्या किमती अशा वाढल्या, की मालकाला प्रत्येक किलोमीटर मोजावासा वाटू लागला. माझा भाऊ उद्यमनगरात जे करत होता, तेच कॅलिफोर्नियात, लंडनमध्ये आणि टोकियोत खूप मोठ्या रकमांवर चाललं आहे.

यातल्या दोन गाड्यांची गोष्ट मला वर्षानुवर्षं सोडत नाही. दोन्ही एकाच मॉडेलच्या, मॅक्लारेन एफ-१.

ही गाडी मी पहिल्यांदा ‘चालवली’ ती राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटर क्लासात, ‘नीड फॉर स्पीड २’ या खेळात. तासाचे पैसे भरून आम्ही तिघं एका की-बोर्डवर तुटून पडायचो. गाडी निवडायच्या वेळी एफ-१ सोडून दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही, असं ठरलेलं. ही गाडी कुणी बनवली, का बनवली, हे तेव्हा काही ठाऊक नव्हतं.

ती बनवली गॉर्डन मरे यांनी. दक्षिण आफ्रिकेतल्या डरबनमध्ये १९४६ साली जन्मलेला हा माणूस इंग्लंडला जाऊन फॉर्म्युला वनच्या गाड्या आखू लागला, आधी ब्रॅबहॅमसाठी आणि मग मॅक्लारेनसाठी. १९८८च्या इटालियन ग्रांप्रीनंतर मिलानच्या विमानतळावर विमानाची वाट बघताना मॅक्लारेनच्या चार जाणत्या लोकांत बोलणं निघालं, की रस्त्यावर चालेल अशी, आजवर कुणी बनवली नाही इतकी चांगली गाडी बनवायची. मरे यांनी ड्रायव्हरची सीट बरोबर मधोमध ठेवली आणि दोन प्रवासी त्याच्या मागे, डाव्या-उजव्या बाजूला बसवले. सांगाडा कार्बन फायबरचा केला. रस्त्यावरच्या गाडीत हे पहिल्यांदाच घडत होतं. इंजिन बीएमडब्ल्यूचं, ६.१ लिटर, बारा सिलिंडर, ६२७ हॉर्सपॉवर. इंजिनाच्या खणात सोन्याचा वर्ख लावला, कारण उष्णता परतवायला सोन्यासारखं दुसरं काही नाही. आणि पॉवर स्टीअरिंग, ब्रेकला बूस्टर, एबीएस यातलं काहीही दिलं नाही. गाडीचं वजन साडेअकराशे किलोच्या आसपास भरलं. १९९८च्या मार्चमध्ये ती ताशी ३८६ किलोमीटरने धावली. त्याआधी रस्त्यावरची कुठलीही उत्पादित गाडी तिथवर पोचली नव्हती.

आज विश्वास बसत नाही, पण तेव्हा ही गाडी खपली नाही. विचार तीनशेचा होता. प्रत्यक्षात शर्यतीच्या आणि चाचणीच्या गाड्या धरून १०६ झाल्या, त्यातल्या रस्त्यासाठीच्या फक्त ६४. नव्वदीच्या सुरुवातीला जग मंदीत होतं आणि साडेपाच लाख पौंड एका गाडीवर घालायची कुणाची तयारी नव्हती.

आता त्या दोन गाड्या. पहिली जपानमधल्या एका संग्राहकाकडे नवी गेली. रंग गडद तपकिरी. ऑगस्ट २०२१मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या लिलावात ती आली तेव्हा मीटरवर चारशे किलोमीटरही पुरते नव्हते. कोल्हापूरहून मुंबईला एकदा गेलं की होतात तेवढे. ते सुद्धा पंचवीस वर्षांत. ती विकली गेली २ कोटी ४ लाख ६५ हजार डॉलरला. तेव्हाच्या दराने दीडशे कोटी रुपये.

दुसरी १९९७मध्ये रोवन ॲटकिन्सनने घेतली, आपल्याला ‘मिस्टर बीन’ म्हणून ठाऊक असलेला तोच. पडद्यावर तो पिवळटसर हिरव्या मिनीतून फिरतो, पण खऱ्या आयुष्यात गाड्यांचा मोठा जाणकार आहे. त्याने एफ-१ गाडीसारखी वापरली. मुलांना शाळेत सोडलं, सामान आणलं, लांबचे प्रवास केले. १९९९मध्ये एकदा ठोकली. २०११मध्ये ओल्या रस्त्यावर गाडी घसरून झाडावर आणि दिव्याच्या खांबावर गेली आणि त्याचा खांदा मोडला. गाडी मॅक्लारेनकडे परत गेली, वर्षभराहून जास्त काळ तिथेच राहिली. दुरुस्तीचं बिल ९ लाख १० हजार पौंड झालं आणि विमा कंपनीने ते भरलं. ब्रिटनमधला तो त्या काळातला सर्वांत मोठा वाहनविम्याचा दावा मानला गेला. २०१५मध्ये त्याने ती विकली तेव्हा ती सहासष्ट हजार किलोमीटर पळालेली होती, दोनदा ठोकलेली होती, आणि तरी किंमत आली ८० लाख पौंड. पंचाहत्तर कोटी रुपयांच्या पुढे.

हिशेब करायला बसलं तर पहिल्या गाडीचा भाव जास्त. दोन्ही सौद्यांमध्ये सहा वर्षांचं अंतर आहे, तेव्हा सरळ वजाबाकी करून चालणार नाही, हे खरं. पण मला विचाराल तर या दोघांतला भाग्यवान मालक कोण, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एकाला अठरा वर्षं ती गाडी मिळाली. दुसरीकडे पंचवीस वर्षं एक वस्तू राहिली.

या गाड्यांना एवढा भाव का आला, याची कारणं सांगणारे खूप आहेत. मला पटलेलं पहिलं कारण वयाचं आहे. ज्या पोराने पंधराव्या वर्षी भिंतीवर फेरारी एफ-४०चं पोस्टर लावलं, तो पंचेचाळिशीत आला आणि त्याच्या हातात पैसा आला. अमेरिकेत, युरोपात, जपानात ही पिढी एकाच सुमाराला खिशाने मोठी झाली. शिवाय २००८च्या पडझडीनंतर कितीतरी वर्षं व्याजदर तळाला होते. बँकेत पैसे ठेवून काही मिळत नाही म्हटल्यावर लोकांनी चित्रं घेतली, घड्याळं घेतली आणि गाड्या घेतल्या. ब्रिटनमध्ये तर कायद्याच्या लेखी मोटार ही झिजत जाणारी मालमत्ता आहे, म्हणून ती नफ्यात विकली तरी भांडवली नफ्यावरचा कर लागत नाही. २०२२नंतर व्याजदर चढले आणि बाजार जरा निवला, तरी चांगल्या गाड्यांचे भाव जुन्या ठिकाणी परतले नाहीत.

अमेरिकेतल्या एका कायद्याचाही यात मोठा हात आहे. तिथल्या सुरक्षेच्या नियमांत न बसणारी परदेशी गाडी सहजासहजी आयात करता येत नाही, पण ती पंचवीस वर्षांची झाली की दार उघडतं. त्यामुळे जपानी गाड्यांच्या भावाला वाढदिवसाचं गणित लागलं. निसान स्कायलाइन आर-३४ जीटी-आर १९९९मध्ये आली. तिच्यासाठी अमेरिकेचं दार २०२४मध्ये उघडलं, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून भाव पेटले होते. ‘फास्ट अँड फ्युरिअस’च्या २००९च्या चित्रपटात पॉल वॉकरने चालवलेली आर-३४ तर २०२३मध्ये लिलावात साडेतेरा लाख डॉलरच्या वर गेली. जपानमध्ये ज्या सामान्य माणसाने ही गाडी साध्या पगारावर, कर्ज काढून घेतली होती, त्याच्या घरासमोर आता परदेशी दलाल येऊन उभे राहतात. तिथल्या मालकांना चोरांच्या भीतीने स्टीअरिंगला कुलपं लावावी लागतात. त्यांना ती विकायची नसते, पण विमा, सुटे भाग, सगळंच त्या नव्या भावाने मोजावं लागतं.

पण पिढी, व्याजदर आणि कायदे बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते, आणि माझ्या मते तीच मुख्य आहे. या गाड्यांना माणूस लागतो. पोर्शेच्या ९११चं उदाहरण घ्या. १९९८पर्यंत तिचं इंजिन हवेने थंड व्हायचं. ९९३ ही त्या जातीची शेवटची. नंतरची ९९६ पाण्यावर गेली, जास्त वेगवान, जास्त आरामाची. तरी ९९३च्या आणि तिच्या आधीच्या ९६४च्या किमती वर गेल्या आणि ९९६ कितीतरी वर्षं स्वस्तात मिळत राहिली. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे टांगलेलं, त्यामुळे वळणात मध्येच ॲक्सिलरेटर सोडला तर गाडीचा मागचा भाग झोकांडी खातो. तो झोक ओळखून पाय किती सोडायचा, हे शिकायला वर्षं जातात. फेरारीत गिअरची दांडी धातूच्या उघड्या पट्टीतून फिरायची, प्रत्येक गिअरला ‘खट्’ असा आवाज. तेल गरम झाल्याशिवाय दुसरा गिअर धड पडायचा नाही. २०१२च्या सुमाराला फेरारीने ही दांडी बंद केली. आज एकाच मॉडेलची दांडीवाली फेरारी आणि स्टीअरिंगमागच्या पाकळ्यांनी गिअर बदलणारी फेरारी शेजारी ठेवली तर दांडीवाली कितीतरी जास्त पैसे मागते. हळू असूनही. म्हणजे पैसे मोजले जातात ते हातापायाला काम मिळावं म्हणून.

मग ते काम हातापायाला द्यायचंच नाही आणि गाडी कव्हरखाली ठेवायची, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्यात न चालवलेली गाडी जशीच्या तशी राहते, हाही गैरसमज आहे. पेट्रोल जुनं होऊन टाकीत चिकटा धरतं. रबराची सीलं सुकतात. टायर एकाच जागी दबतात. ब्रेकच्या तेलात दमट हवेतलं पाणी शिरतं. फेरारी एफ-३५५चा टायमिंग बेल्ट ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो, गाडी हलली नसली तरी, आणि त्यासाठी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. मॅक्लारेन एफ-१च्या पेट्रोलच्या टाकीलाही अशीच मुदत आहे. आणखी एक गोष्ट वाचली तेव्हा मी हातातलं काम थांबवलं होतं. एफ-१च्या संगणकाशी बोलायला नव्वदीतला एक विशिष्ट कॉम्पॅक लॅपटॉप लागायचा, आणि २०१६ सालीही मॅक्लारेनच्या कार्यशाळेत कोट्यवधींच्या गाड्या त्या जुन्या लॅपटॉपला जोडूनच तपासल्या जात होत्या. गाडी टिकवायची तर लॅपटॉप टिकवायचा, तो चालवता येणारा माणूस टिकवायचा. मालकाच्या पैशाने यातल्या सगळ्याच गोष्टी विकत मिळत नाहीत.

काही कंपन्यांना हे कळलं. २०१७च्या सुमाराला माझदाने हिरोशिमात आपल्या पहिल्या एमएक्स-५ गाड्या पुन्हा उभ्या करून द्यायला सुरुवात केली, निसाननेही जुन्या जीटी-आरचे सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले. एमएक्स-५बद्दल मला विशेष माया आहे. १९८९ची ही छोटी दोन सीटांची उघडी गाडी, १.६ लिटरचं साधं इंजिन. २०१६पर्यंत हिच्या दहा लाख गाड्या बनल्या. तिचे मालक ती पावसात नेतात, डोंगरात नेतात, स्वतः तेल बदलतात. तिचेही भाव चढू लागलेत.

आपल्याकडे हे सगळं बघायला मिळतं ते बहुतेक पडद्यावरच, कारण आपल्या कायद्यात या वयाच्या गाडीला जागाच नाही. बाहेरून वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही, स्टीअरिंग उजवीकडे हवं आणि ती उतरणार मुंबई बंदरातच, असा नियम वर्षानुवर्षं आहे. दुसऱ्या टोकाला, २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंद करायची तर गाडी पन्नास वर्षांची हवी. मग ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते, वीस हजार रुपये फी भरून. पण पंचवीस-तीस वर्षांची गाडी? ती आरटीओच्या लेखी फक्त जुनी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग, वर पर्यावरण कर. एप्रिल २०२२मध्ये पासिंगची फीच मोटारीला सहाशेवरून पाच हजार झाली. दिल्लीत तर पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाडीला रस्त्यावर यायचीच बंदी आली. प्रदूषणाचा प्रश्न खरा आहे आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. पण वर्षाला हजारभर किलोमीटर जाणारी, मायेने सांभाळलेली गाडी आणि रोज धूर ओकणारा टेम्पो यांना एकाच तागडीत तोललं जातं, याची खंत वाटते. या मधल्या पंचवीस वर्षांतच बहुतेक गाड्या भंगारात जातात. पन्नाशीला पोचायला उरणार कोण?

यात आपल्या घरच्याही काही गाड्या आहेत. गोव्यात १९९८च्या सुमाराला सॅन मोटर्सने ‘सॅन स्टॉर्म’ काढली होती. दोन सीटा, उघडं छत, फायबरची बॉडी, रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन. वेगाने कुणाचे डोळे दिपावेत अशी ती नव्हती, पण आपल्या किनाऱ्यावर कुणीतरी स्पोर्ट्स कार बनवायला निघालं होतं. आज एखादी दिसली तर मी रस्ता ओलांडून बघायला जातो.

आणि सचिनची फेरारी कुणाला आठवत नाही? २००२मध्ये ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची त्याने बरोबरी केली, तेव्हा सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाखरच्या हातून त्याला ३६० मोडेना मिळाली. आयात शुल्कावरून मोठा वाद झाला. २०११मध्ये ती सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या घरात सगळे खरोखर हळहळले होते. रवी शास्त्रीची ऑडी १०० तिच्याहून थोरली, १९८५ला मेलबर्नमध्ये ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ म्हणून मिळालेली. मैदानात अख्खा संघ तिच्या अंगाखांद्यावर चढला होता. ती २०२२मध्ये मुंबईत पुन्हा नव्यासारखी उभी केली गेली. ती स्पोर्ट्स कार नाही, बाजारात फार भावही नसेल. पण त्या दिवशी ती मैदानात फिरली, हे मीटरवरच्या किलोमीटरमध्येच कुठेतरी जमा आहे.

आपल्या मध्यमवर्गाची स्पोर्ट्स कार मात्र दोन चाकांचीच होती. १९८५ ते १९९६ या काळातली आरएक्स-१००, ९८ सीसी, अकरा हॉर्सपॉवर. टू-स्ट्रोक असल्याने प्रदूषणाच्या नियमांनी ती गेली. तिच्याआधीची राजदूत ३५० तर पेट्रोल पिते म्हणून लोकांनी नाकारली होती. आज दोन्हींना लाखांचे भाव आहेत. ‘ओरिजिनल पेंट’, ‘सिंगल हँड’, ‘इंजिन नंबर मॅच’, असे शब्द कोल्हापुरातली पंचविशीतली पोरंसुद्धा सफाईने वापरतात. आणि ‘किती पळालीये?’ हा प्रश्न असतोच.

उद्यमनगरात मिस्त्री हात पुसत आत गेले ते एक लांबोडी वही घेऊन बाहेर आले. कव्हर तेलाने काळं पडलेलं. बोटाला थुंकी लावून पानं उलटत गेले आणि एका पानावर थांबले. वर लिहिलं होतं, ‘सर, कागल’. खाली तारखा, किलोमीटर आणि काम.

‘१९९६, दिवाळी. ९,१२०. क्लच प्लेट.’ ‘१९९९, मे. ३३,६४०. बोअर केलं.’ ‘२००१, जुलै. पुरात गाडी बुडली. कार्बोरेटर, मॅग्नेट साफ. ५०,२१५.’ 

“त्या दिवशी सर गाडी ढकलत आणले हुते, गुडघ्याएवढ्या पाण्यातनं,” मिस्त्री म्हणाले. “तू शाळेत नुकताच जायला लागला हुतास. टाकीवर बसून यायचास.”

भाऊ वही हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. युरोपातले लिलाव करणारे अशा वहीला ‘सर्व्हिस हिस्टरी’ म्हणतात आणि तिच्यासाठी जास्त पैसे मोजतात, हे मी त्याला सांगणार होतो. सांगितलं नाही. त्याने मोबाइल काढून त्या पानाचा फोटो घेतला. मग डिकी उघडली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली केबल काढली आणि मिस्त्रींच्या हातात दिली.

मिस्त्रींनी आतली तार ओढून काढली, रॉकेलने पुसली, ग्रीस लावून परत सारली. एक टोक मीटरला, एक हबला. पक्कडीने चकती आवळली, पुढचं चाक उचलून हाताने फिरवलं. काटा थरथरला.

पाचच्या सुमाराला आम्ही निघालो, तो पुढे, मी मागे. दसरा चौकात गर्दी होती. शिवाजी पुलावर पंचगंगेचा वारा लागला तेव्हा मी त्याच्या खांद्यावरून वाकून मीटरमध्ये बघितलं. शेवटचा नऊ वर सरकत होता, त्याच्या जोडीने आधीचा नऊही हलला, आणि दोन शून्यं एकदम वर आली. ६१,५००.

“आकडा बघायला मिळाला का?” भाऊ हेल्मेटमधून ओरडला.

“मिळाला.”

पूल संपला तरी त्याने गाडी वळवली नाही. “टाकी भरलीये,” म्हणाला, “जोतिबापर्यंत जाऊ.” आणि गिअर खाली टाकला.